सोनेगाव ते किंग हेन्रीज रोड

लंडन महाग आहे हे सगळेच सांगतात, आणि ते खोटं नाही. फक्त एक पुरवणी जोडायला हवी. हे शहर झोपायला महाग आहे, बघायला नाही. प्राग किंवा बुडापेस्टला गेलात तर खोली बरीच स्वस्त मिळते. मग किल्ल्याचं तिकीट, राजवाड्याचं तिकीट, मनोऱ्यावर चढायचं वेगळं तिकीट असं करत दिवसभर पाकिटात हात जातो. लंडनची मोठी राष्ट्रीय संग्रहालयं डिसेंबर २००१ पासून सगळ्यांना मोफत आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम यांच्या दारात कोणी तिकीट मागत नाही. पाच-सहा दिवसांसाठी जाणाऱ्याने ही बाजू धरून ठेवली तर महागड्या राजधानीचा हिशोबही आटोक्यात येतो.

नागपूरकराला लंडन निवडायला आणखी एक कारण आहे. आपल्या शहराच्या इतिहासाचे बरेच धागे तिथे जाऊन पोचलेले आहेत. आपण विमान पकडतो त्या सोनेगावच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये ज्या घरात राहिले ते घर आज महाराष्ट्र सरकारच्या मालकीचं आहे आणि बघायला खुलं आहे. बर्डीवरच्या एजंटकडे गेलात तर ‘दहा दिवसांत सात देश’ असा रंगीत कागद हातात येईल. त्यातला निम्मा वेळ बसच्या खिडकीत जातो, आणि रोजची बॅग भरणं-उपसणं वेगळंच. सहा दिवस, एक शहर, आणि त्या शहरात आपल्याला काय बघायचं आहे हे आधी ठरलेलं: कमी पैशांच्या सहलीचं गणित इथून मांडायला घ्यावं, विमानाच्या भाड्यापासून नव्हे.

बाबासाहेबांचं लंडन म्हणजे काटकसरीने राहिलेल्या विद्यार्थ्याचं लंडन. कोलंबियातलं शिक्षण आटोपून ते १९१६ मध्ये तिथे पोचले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अर्ध्यावर परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. दुसऱ्या जहाजाने पाठवलेलं त्यांचं सामान, पुस्तकांसकट, पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा निघाले. खाणावळीतला तुटपुंजा नाश्ता, बसचे पैसे वाचवायला केलेली पायपीट, ग्रंथालय बंद होईपर्यंतचं वाचन आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड, हा त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी नोंदवून ठेवला आहे.

त्या वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती. १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर चढला होता. दोन शिलिंगांच्या भावाने एक पौंड दहा रुपयांना पडतो. १९२१ मध्ये तोच रुपया सोळा पेन्सच्याही खाली उतरला. सोळा पेन्सच्या भावाने पौंड पंधरा रुपयांना. मुंबईत रुपयांत साठवलेले पैसे लंडनमध्ये पौंडांत खर्च करणाऱ्या माणसाच्या पोटाला हा फरक थेट जाणवणारा. रुपयाच्या विनिमयाचा प्रश्न हाच त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय होता. परीक्षकांच्या आक्षेपांनंतर त्यांना तो दुरुस्त करून द्यावा लागला, आणि १९२३ मध्ये तो पुस्तकरूपाने लंडनमध्येच छापला गेला. आज सहलीचा हिशोब करताना एका पौंडाला सव्वाशे रुपये धरावेत. बँकेच्या कार्डावरचा मार्कअप आणि भावातली चढउतार त्यात साधारण मावते, आणि घरी आल्यावर स्टेटमेंट बघून धक्का बसत नाही.

आता घराबद्दल. १०, किंग हेन्रीज रोड. लंडनच्या उत्तरेला, प्रिमरोझ हिलच्या पायथ्याशी. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत. घर विकायला निघालं तेव्हा महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते तीस लाखांहून अधिक पौंड मोजून घेतलं, आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढे शेजाऱ्यांनी तक्रार केली. राहत्या वस्तीतल्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली, चौकशी बसली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने संग्रहालयाच्या बाजूने निर्णय दिला. चॉक फार्म स्टेशनवरून उतरून पाच-सात मिनिटं चाललं की भिंतीवरची निळी गोल पाटी दिसते. आत जायला पैसे पडत नाहीत. उघडण्याच्या वेळा मात्र निघण्याआधी बघून घ्या. बंद दारापुढे फोटो काढून परतणारे कमी नाहीत. बाजूच्या टेकडीवर चढलात तर अख्खं शहर समोर पसरलेलं दिसतं, तेही फुकट. उंच चाकात बसून तेच बघायला लोक रांगा लावतात.

या घरापासून ब्रिटिश म्युझियम चार-साडेचार किलोमीटर, म्हणजे नागपूर स्टेशनवरून दीक्षाभूमीला जावं इतकंच. बाबासाहेब जिथे वाचत बसत ते १८५७ चं गोल वाचनालय म्युझियमच्या मधोमध आहे. तिथून होबर्नकडे उतरत गेलं की एका अंगाला हाउटन स्ट्रीटवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दुसऱ्या अंगाला ग्रेज इन. तिन्ही जागा एकमेकींपासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्यात. आपलं बिऱ्हाड कुठे टाकायचं हे हा नकाशाच सांगतो: ब्लूम्सबरी, फिट्झरोव्हिया, यूस्टन या पट्ट्यात. दूरच्या उपनगरात खोली दहा-पंधरा पौंडांनी स्वस्त दिसते, पण रोजचं भाडं आणि येण्याजाण्यातले दीड-दोन तास धरले की ती स्वस्ताई उरत नाही.

या पट्ट्यात परवडणाऱ्या जागा आहेत, त्या ठाऊक असाव्या लागतात. फिट्झरॉय स्क्वेअरला इंडियन वायएमसीए आहे. भारतीय विद्यार्थ्यांसाठी १९२० मध्ये ही संस्था सुरू झाली, आताची इमारत १९५३ ची. पर्यटकांनाही खोल्या मिळतात, सकाळचा नाश्ता असतो, आणि खालच्या जेवणघरात वरण-भाताच्या जवळ जाणारं जेवण मिळतं. बाथरूम खोलीतच हवी असा हट्ट नसेल तर उत्तम. वॉरन स्ट्रीट स्टेशन हाकेच्या अंतरावर, आणि तिथून चॉक फार्म चौथं स्टेशन. दुसरी सोय उन्हाळ्याच्या सुट्टीतली. विद्यार्थी घरी गेले की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आपल्या वसतिगृहांतल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतं. बाबासाहेबांच्या कॉलेजच्या वसतिगृहात चार रात्री काढायला कोणाला आवडणार नाही? खोली साधी असते, पलंग अरुंद, पण जागा शहराच्या पोटात.

कागदपत्रांना लवकर हात घालावा. ब्रिटन शेंगेन गटात नाही. शेंगेन व्हिसावर पॅरिस, रोम, व्हिएन्ना होतं, लंडन होत नाही. आणि लंडनचा व्हिसा घेऊन ट्रेनने पॅरिसला डोकावून यावं हेही चालत नाही. दोन्ही हवं तर दोन व्हिसा, दोन फिया. शेंगेनची फी जून २०२४ पासून नव्वद युरो आहे. ब्रिटनच्या सहा महिन्यांच्या व्हिसाची २०२५ मध्ये १२७ पौंड होती आणि ती वाढतच राहते, तेव्हा जरा चढीच धरा. बजेट सहलीत ‘युरोपला चाललोच आहे तर’ हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर जायचं. अर्ज भरतानाच कोणत्या शहरातली तारीख मिळते आहे ते बघा. मुंबई गाठावी लागत असेल तर विदर्भ किंवा दुरांतोची तिकिटं आणि एक दिवस खर्चात धरायला हवा. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडताना खात्यात आदल्या आठवड्यात काकांनी टाकलेले दोन लाख दिसू नयेत. दिसलेच तर ते कुठून आले याचा कागद सोबत असावा. अर्ज तपासणाऱ्याला पैसा किती यापेक्षा तो नेहमीचा आहे का आणि तुम्ही परत येणार का, यात रस असतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. बदलता न येणारं विमानाचं तिकीट त्याआधी काढणं म्हणजे जुगार.

प्रवास विमा शेंगेनला सक्तीचा आहे, किमान तीस हजार युरोंचा. ब्रिटन तो मागत नाही. मागत नाही म्हणून काढू नये असं नाही. पाणबुडीचं भय आता नसलं तरी बॅगा हरवायच्या थांबलेल्या नाहीत, आणि परदेशातलं दवाखान्याचं बिल सहलीच्या चौपट असू शकतं.

नागपुरातून थेट युरोपचं विमान नाही. कतार एअरवेजने २०१५ मध्ये दोहाची सेवा सुरू केली तेव्हापासून एकदाच विमान बदलून लंडन गाठण्याची सोय झाली. दुसरा मार्ग मुंबई किंवा दिल्लीहून. इथे लोक दोन तिकिटांची बेरीज करतात आणि तीन गोष्टी विसरतात. एक, देशांतर्गत वेगळ्या तिकिटावर बहुतेक पंधरा किलोच सामान जातं. पुढच्या विमानात तेवीस-तीस चालत असलं तरी नागपूरच्या काउंटरवरच जादा वजनाचे पैसे मोजावे लागतात. दोन, वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यावर तर अशी पैज लावूच नये. तीन, परतीच्या वेळी मुंबईत रात्र काढावी लागली तर तिचंही भाडं असतं. हे सगळं घालूनही मुंबईहूनचं तिकीट बरंच स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्या, आणि नागपूर-मुंबई रेल्वेने करा. रात्रीच्या गाडीत पंधरा किलोची अट नाही. आणि वाटेत युरोपातल्या तिसऱ्याच शहरात विमान बदलायचं असेल तर भारतीय पासपोर्टला तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकिटाचे पैसे भरण्याआधी तपासा.

कधी जावं? मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या पुढे जातं, तेव्हा सगळ्यांनाच पळायचं असतं. लंडन त्या दिवसांत सुरेख असतं, दिवस रात्री नऊपर्यंत चालतो, पण शाळांच्या सुट्ट्यांमुळे इथून भाडं चढलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडची गर्दी. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, आणि त्यानंतर पाच वाजायच्या आत अंधार पडायला लागतो. माझं मत विचाराल तर मार्चचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा शेवट. भाडं मध्यम, उजेड पुरेसा, एका जाकिटावर आणि एका छत्रीवर भागतं. ईस्टरचा आठवडा टाळा.

दिवस ठरवताना सोमवारी उतरण्याचा प्रयत्न करा. कारण असं. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. संपर्करहित कार्ड टेकवायचं. दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर कितीही फिरलात तरी जास्त कापत नाहीत, आणि आठवड्याची अशीच मर्यादा सोमवार ते रविवार मोजली जाते. गुरुवारी उतरलात तर तुमचा आठवडा दोन तुकड्यांत पडतो आणि मर्यादेचा फायदा हुकतो. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड लागतं. भुयारी रेल्वेच्या स्टेशनात आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना त्याच कार्डाचा फोन टेकवलात तर यंत्र त्यांना दोन माणसं समजतं आणि दोन्हींकडून जास्तीत जास्त भाडं घेतं. अकरा वर्षांखालची मुलं तिकीट असलेल्या मोठ्या माणसासोबत मोफत. बसचं भाडं बराच काळ पावणेदोन पौंड आहे, आणि एकदा टेकवलं की तासाभरात बस बदलायला पुन्हा पैसे नाहीत. दिवसभर फक्त बसनेच फिरलात तर सव्वापाच पौंडांवर जात नाही. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेशी बसून शहर बघणं ही माझ्या मते इथली सगळ्यात चांगली सहल. त्यासाठी वेगळी टूरिस्ट बस कशाला?

हीथ्रोवरून शहरात यायला चकचकीत एक्सप्रेस गाडी आहे, पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन, तिकीट पंचवीस पौंडांच्या घरात. पिकॅडिली लाइन तासभर घेते आणि सहा पौंडांच्या आसपास. ती रसेल स्क्वेअरला, म्हणजे थेट ब्लूम्सबरीत, सोडते. घाई नसलेल्याने एक्सप्रेसकडे बघूही नये.

संग्रहालयांत सगळं बघायचं नसतं, हे पहिल्याच दिवशी मान्य करून टाका. नागपूरकराने ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं गाठावीत. आंध्रातली कृष्णाकाठची अमरावती, आपली नव्हे. दीक्षाभूमीचा घुमट डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला त्या पांढरट दगडांवर कोरलेले छोटे छोटे स्तूप, त्यांचे कठडे आणि भोवतीची माणसं ओळखीची वाटतात. एका शिळेपुढे अर्धा तास जातो. शुक्रवारी हे म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दी ओसरते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट शुक्रवारी रात्री दहापर्यंत. तिथे टिपूचा वाघ आहे. वाघनखं मात्र सध्या तिथे शोधू नका. साताऱ्याला कंपनीचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून या संग्रहालयात गेलेली ती वाघनखं तीन वर्षांच्या कराराने २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली, आणि २०२५ मध्ये आपल्या अजब बंगल्यातच मांडली होती. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच, असा दावा स्वतः संग्रहालय करत नाही, हेही सांगायला हवं.

रघुजी भोसल्यांच्या तलवारीची गोष्ट याहून मजेदार. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची ही तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये लिलावाला निघाली. राज्य सरकारने सुमारे ४७ लाख रुपयांत ती सोडवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. पातं फिरंगी, म्हणजे मुळात युरोपात घडलेलं, त्यावर सोन्याची देवनागरी अक्षरं. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत ती गेली असावी असा अंदाज आहे. ज्यांना भोसल्यांच्या काळाचे कागद वाचण्याची हौस आहे त्यांनी यूस्टन रोडवरची ब्रिटिश लायब्ररी चुकवू नये. कंपनी सरकारचं आणि इंडिया ऑफिसचं दप्तर तिथे आहे, वाचकाचा पास मोफत मिळतो, ओळखीचे आणि पत्त्याचे कागद मात्र न्यावे लागतात. हौस नसेल तर तिथल्या दालनात मॅग्ना कार्टा बघून बाहेर या.

खाण्याचा खर्च सकाळच्या तयारीवर ठरतो. चिवडा, शेव, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, पापड खुशाल न्या. संत्रा बर्फी आणि पेढे नेऊ नका, नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी. भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे आणि खव्याची मिठाई त्यात येते. दुपारी कोणत्याही सुपरमार्केटमध्ये सँडविच, सोबत एखादा छोटा पदार्थ आणि पेय असा ‘मील डील’ चार-पाच पौंडांत होतो. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटली विकत घेण्याचं कारण नाही. यूस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरी-डोशाची जुनी शाकाहारी वस्ती आहे. साउथहॉलच्या गुरुद्वारात लंगर असतो. डोकं झाकून, पंगतीत बसून जेवावं आणि जमेल ते दान टाकावं. मराठी बोलायची तहान लागली तर डॉलिस हिलला १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे. कार्यक्रम असेल त्या दिवशी जा.

आता बेरीज. दोघांत एक खोली असेल तर माणशी रात्रीचे पन्नास पौंड, खाण्याचे वीस, बसचे सव्वापाच. सव्वाशेच्या भावाने दिवसाला साधारण नऊ हजार चारशे रुपये, सहा दिवसांचे साडेछप्पन हजार. व्हिसाचे सोळा-सतरा हजार, हीथ्रोवरून येण्याजाण्याचे दीड हजार, एखाद्या तिकिटाच्या जागेचे चार-साडेचार हजार. विमान आणि विमा सोडून ऐंशी हजारांच्या आसपास. यातलं ते एक तिकीट कशाचं काढायचं हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. वेस्टमिन्स्टर अॅबे आतून बघायचं असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला जाता येतं, तिला तिकीट नसतं, फक्त फोटो काढायचे नाहीत आणि शांत बसायचं. पार्लमेंटचं अधिवेशन चालू असेल तर प्रेक्षक सज्जात बसून चर्चा ऐकायलाही पैसे नाहीत. टॉवर ऑफ लंडनला फुकट वाट नाही. तिकीट पस्तीस पौंडांच्या घरात, आणि आपल्यापैकी बहुतेकांना तिथे एकच वस्तू बघायची असते. बेरीज हाताबाहेर जायला लागली तर पहिली कात्री इथेच लावावी. कोहिनूर जाड काचेआड राणीच्या मुकुटात बसवलेला आहे, मुकुटांसमोरून लोकांना सरकत्या पट्ट्यावर उभं करून पुढे नेतात, आणि नीट न्याहाळण्याआधीच पट्टा आपल्याला पलीकडे सोडतो.